एक रुपया जमा

माझ्या बँकेच्या स्टेटमेंटमध्ये मार्च ते ऑगस्ट २०२४ या काळात एक-एक रुपयाच्या ४७ जमा नोंदी आहेत. पाठवणारा एकच, माझा नवरा. त्याला मी व्हॉट्सअ‍ॅपवर ब्लॉक केलं होतं, फोनवरही केलं होतं. यूपीआयचं माझ्या ध्यानातच आलं नाही. एक रुपया पाठवायचा आणि शेऱ्याच्या जागी हवं ते लिहायचं. ‘आज निळा ड्रेस.’ ‘रिक्षा का बदललीस.’ ‘ईराला खोकला आहे, औषध दे.’ हा तिसरा शेरा वाचून माझे हातपाय गार पडले. ईरा त्या दिवशी खोकली होती ती फक्त शाळेच्या फाटकापाशी, व्हॅनमधून उतरताना.

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलीने मला जिन्यात गाठलं आणि हळूच विचारलं, “ताई, तुम्ही सुरुवात कुठून केलीत?” मला तिला धड उत्तर देता आलं नाही. म्हणून हे सगळं सलग लिहून काढते आहे. पोलीस ठाण्यांची आणि माणसांची नावं मुद्दाम टाळली आहेत. ईरा हेही माझ्या मुलीचं खरं नाव नाही.

कागदावरची सुरुवात फेब्रुवारी २०२४ मधल्या एका रात्रीची आहे. खरी सुरुवात त्याच्या कितीतरी वर्षं आधीची. मारहाणीचं वर्णन करत नाही, ते सहा ठिकाणी सहा जणांना सांगून झालं आहे. त्या रात्री मी ११२ला फोन लावला. वीसेक मिनिटांत दोन पोलीस आले, त्याला बाहेर नेऊन काहीतरी बोलले आणि मला म्हणाले, “मॅडम, सकाळी ठाण्यात येऊन तक्रार द्या.” सकाळी दादा-वहिनीला घेऊन गेले. ठाणे अंमलदारांनी ऐकून घेतलं आणि एनसी लिहिली. कलम ३२३, ५०४, ५०६, म्हणजे मारहाण, अपमान, धमकी. हातात अर्ध्या पानाची प्रत दिली. मला वाटलं, झाली तक्रार, आता ते त्याला बोलावून विचारतील.

एनसी म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद. मॅजिस्ट्रेटचा आदेश असल्याशिवाय पोलीस तिचा तपास करू शकत नाहीत. हे मला दीड महिन्यानं कळलं. तोवर मी रोज ठाण्याच्या फोनची वाट बघत होते. एनसी वाया जाते असं मी म्हणणार नाही, पुढे कोर्टात पहिला तारीखवार सरकारी कागद म्हणून तीच कामाला आली. पण हा एफआयआर नाही आणि यावर आपोआप काही होणार नाही, एवढं एक वाक्य त्या सकाळी कुणीतरी मला सांगायला हवं होतं. अजून आठवलं की जीव तळमळतो.

वहिनीनं त्या दिवशी एक शहाणपणाचं काम केलं. ठाण्यातून घरी न नेता तिनं मला सरकारी रुग्णालयात नेलं आणि एमएलसी, म्हणजे पोलीस-कोर्टाच्या कामासाठीची जखमांची वैद्यकीय नोंद, करून घेतली. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी खांद्यावरचा वळ पट्टीनं मोजला. लांबी, रुंदी सेंटिमीटरमध्ये लिहिली, रंग लिहिला, ‘साधारण २४ तासांच्या आतील’ असं लिहिलं. माझ्याकडे बघून त्या काही बोलल्या नाहीत, फक्त पट्टी खांद्याला लागू नये म्हणून ती आधी तळहातावर धरून कोमट केली. ते मी विसरणार नाही.

मी ईराला घेऊन आईकडे आले. मार खाणं थांबलं आणि मागावर राहणं सुरू झालं. माझं ऑफिस पुण्यात नळ स्टॉपजवळ आहे. सुटायच्या वेळी तो समोरच्या फुटपाथवर उभा असायचा. जवळ यायचा नाही, हाक मारायचा नाही. मेट्रोनं गेले तर त्याच डब्यात, दुसऱ्या दाराशी. रिक्षानं गेले तर मागं मोटारसायकल. आईच्या सोसायटीच्या फाटकासमोर रात्री गाडी लावून बसायचा आणि वॉचमनकाकांना सांगायचा, “बायको रुसलीय, काका.” काकांना बिचाऱ्यांना वाईट वाटायचं. एकदा त्यांनी त्याला चहा पाजला.

आईकडच्या भागातल्या ठाण्यात गेले तेव्हा प्रश्न आला, “काही केलं का त्यानं?” नाही. “शिवीगाळ?” नाही. “मग? नवराच आहे ना? मुलीला बघायला येत असेल. कौटुंबिक वाद आहे, आपसात मिटवा.” हेच तीनदा झालं. ज्या ठाण्यात एनसी होती, ते म्हणाले की आता तुम्ही राहता तिकडची हद्द. इकडचे म्हणाले, मूळ प्रकरण तिकडचं.

इथे कायदा काय म्हणतो ते सांगते, कारण मला ते माहीत असतं तर मी त्या खुर्चीतून उठले नसते. दिल्लीतल्या डिसेंबर २०१२च्या घटनेनंतर न्यायमूर्ती वर्मा समिती नेमली गेली आणि २०१३ साली भारतीय दंड संहितेत कलम ३५४-ड आलं. पुरुषानं बाईचा पाठलाग करणं, तिनं स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हा पुन्हा संपर्क साधणं किंवा साधायचा प्रयत्न करणं, तिच्या इंटरनेट, ई-मेल किंवा इतर इलेक्ट्रॉनिक संपर्काच्या वापरावर पाळत ठेवणं, हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत. दखलपात्र आहे, म्हणजे पोलिसांना तपासाला मॅजिस्ट्रेटचा आदेश लागत नाही. आणि त्या कलमात ‘नवरा सोडून’ असं कुठेही लिहिलेलं नाही. १ जुलै २०२४पासून हेच कलम भारतीय न्याय संहितेत ७८ झालं.

आई या दिवसांत फार बोलायची नाही. एके रात्री भाजी निवडताना म्हणाली, “आमच्या वेळी मंजुश्री सारडा झालं होतं.” १९८२मधलं पुण्यातलं ते प्रकरण, लग्नाला चारच महिने झालेल्या मुलीचा मृत्यू आणि खुनाचा खटला. आई तेव्हा नुकती नोकरीला लागली होती, ऑफिसात दुसरा विषय नव्हता म्हणाली. सुप्रीम कोर्टानं १९८४ साली आरोपी नवऱ्याला निर्दोष सोडलं. परिस्थितीजन्य पुराव्यावर आजही कुठेही खटला चालला तरी त्या निकालाचा दाखला देतात, हे मला वकीलबाईंकडून नंतर कळलं. आईच्या लक्षात मात्र वेगळीच गोष्ट राहिली होती. मंजुश्रीनं बहिणीला आणि मैत्रिणीला पत्रं लिहिली होती आणि तीच पुढे कोर्टात वाचली गेली. “लिहून ठेव,” आई म्हणाली. “मला सांगू नकोस, लिहून ठेव.”

वकील करायला पैसे नव्हते. माझा पगार ईराच्या फीत आणि आईच्या औषधात संपत होता. दादाच्या मित्रानं सांगितलं की शिवाजीनगरला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईला तिथे फुकट वकील मिळतो. मला वाटलं उत्पन्नाचा दाखला लागेल. नाही लागला. विधी सेवा प्राधिकरण कायद्यात स्त्रियांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज केला आणि ज्या वकीलबाई मिळाल्या त्या पन्नाशीच्या, बारीक आवाजाच्या, चष्मा दोरीला बांधलेला. पहिल्या भेटीत त्यांनी माझं बोलणं मध्येच थांबवलं आणि विचारलं, “काम काय करता?” मी म्हटलं, अकाउंट्सला आहे. “मग हे असं का सांगताय? रोजकीर्द कुठाय?”

दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकातून दोनशे पानी फुलस्केप वही आणली. ऑफिसातली रोजकीर्द, म्हणजे रोजच्या नोंदींची वही, आखते तशीच आखली. तारीख, वेळ, ठिकाण, काय घडलं, कुणी पाहिलं, आणि शेवटचा रकाना ‘व्हाउचर’. व्हाउचर म्हणजे त्या घटनेचा जो काही कागद असेल तो: स्क्रीनशॉट, मेट्रोचं तिकीट, रिक्षाची पावती, वॉचमनकाकांच्या रजिस्टरचा फोटो. विशेषणं लिहायची नाहीत असं बाईंनी बजावलं होतं. ‘भयानक रागानं बघत होता’ लिहिलं की त्या खोडायच्या. ‘सायं. ६:१०, ऑफिससमोर, फुटपाथवर उभा, ६:३५पर्यंत. पांढरा शर्ट. सहकारी सोबत होती.’ एवढंच. पंधरा दिवसांनी म्हणाल्या, “आता खतावणी करा.” म्हणजे तारीखवार नोंदी उचलून खातं पाडायचं. ऑफिस एक खातं, शाळा दुसरं, घर तिसरं, एक रुपया चौथं. खतावणी केली आणि मलाच पहिल्यांदा दिसलं की ऑफिससमोर तो फक्त सोमवारी आणि गुरुवारी येतो, आणि शाळेच्या खात्यातली प्रत्येक नोंद ही आदल्या रात्रीच्या रुपयाच्या मागोमाग आली आहे.

ठाण्यात इतके दिवस मी एकेक घटना घेऊन जात होते. एकेकटी घटना म्हणजे रस्त्यावर उभा असलेला एक माणूस. रस्त्यावर उभं राहणं गुन्हा थोडाच आहे? अंमलदारांना दिसत नव्हतं ते मलाही नीट मांडता येत नव्हतं. खतावणीची चार पानं टेबलावर ठेवली त्या दिवसापासून ‘काही केलं का त्यानं?’ हा प्रश्न कुणी विचारला नाही.

दुसरी गोष्ट बाईंनी करायला लावली ती एका संदेशाची. पाठलागाच्या कलमात ‘स्पष्ट अनिच्छा’ लागते. ब्लॉक करणं मला पुरेसं स्पष्ट वाटत होतं, पण त्यावर वाद घालता येतो. म्हणून त्याला एकदाच, लेखी पाठवलं: ‘यापुढे माझ्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क करू नका. मुलीसंबंधी जे काही असेल ते वकिलांमार्फत कळवा.’ तारीख २ एप्रिल २०२४. त्यानंतर काहीही आलं तरी उत्तर द्यायचं नाही. हे शेवटचं मला पूर्ण पाळता आलं नाही.

रुपयांचं काय करायचं, यावर आमच्या घरात खूप बोलणं झालं. यूपीआयवरही ब्लॉक करता येतं. बाई म्हणाल्या, “झोप उडत असेल तर आत्ता ब्लॉक करा, पुरावा गेला खड्ड्यात. तेवढं आधी स्टेटमेंट काढून ठेवा.” मी ब्लॉक केलं नाही. सूचना बंद केल्या आणि फोन रात्री दादाच्या हातात द्यायला लागले. तो जेवणानंतर बघायचा आणि काही आलं असेल तर वहीत उतरवायचा. मला सांगायचा नाही. त्याचं अक्षर माझ्याहून चांगलं आहे.

एप्रिलच्या मध्यावर कौटुंबिक हिंसाचार कायद्याखाली कलम १२चा अर्ज दाखल झाला. हा कायदा २००५चा, २६ ऑक्टोबर २००६पासून लागू. यात अर्ज मॅजिस्ट्रेटकडे करायचा असतो आणि आपण तात्पुरतं जिथे राहत असू तिथेही करता येतो, त्यामुळे हद्दीचा घोळ इथे झाला नाही. या कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्यांचा घटना अहवाल आल्याशिवाय अर्ज चालणार नाही असं मला एका बाजूनं सांगण्यात आलं होतं. ते खरं नाही, अहवालाविनाही अर्जावर आदेश होऊ शकतो हे सुप्रीम कोर्टानं २०२२मध्ये स्पष्ट केलेलं आहे. कायदा म्हणतो, पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न व्हावा. हा आकडा वाचून मी कॅलेंडरवर जूनमधल्या एका तारखेला खूण केली होती. ती खूण तशीच राहिली. नोटीसच बजावली जात नव्हती. पहिल्यांदा ‘दार बंद’, दुसऱ्यांदा ‘सदर पत्त्यावर राहत नाही’. ज्या माणसाला मी दर सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी ऑफिससमोर बघत होते, तो नोटीस घेऊन गेलेल्यांना सापडत नव्हता. शेवटी बाईंनी कोर्टाकडून त्याच्या ऑफिसच्या पत्त्यावर बजावणीची परवानगी घेतली आणि खतावणीतला सोमवार-गुरुवार अर्जाला जोडला.

ज्याबद्दल मला सगळ्यात कळकळीनं लिहायचं आहे ती गोष्ट आता येते. मधल्या काळात आम्हाला पोलिसांकडच्या समुपदेशनाला बोलावलं होतं. एका टेबलाच्या दोन बाजूंना बसवलं. समुपदेशक बाई मनानं चांगल्या होत्या, पण त्यांनी विचारलं, “ईराला कुठल्या शाळेत घालायचं ठरवलंय पुढच्या वर्षी?” आणि मी त्याच्यासमोर उत्तर देऊन बसले. परत निघाले तर तो माझ्या दोन मिनिटं आधी बाहेर पडलेला, कोपऱ्यावर थांबलेला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की जी बाई रोज रस्ता बदलते, वेळ बदलते, तिला या सगळ्या यंत्रणा एका ठरलेल्या दिवशी ठरलेल्या जागी हजर करतात आणि तो दिवस, ती जागा त्यालाही लेखी कळवतात. कोर्टाची तारीख म्हणजे तेच. ईराच्या शाळेच्या, माझ्या ऑफिसच्या वेळा त्याला शोधाव्या लागत होत्या. तारीख त्याच्या हातात कागदावर होती.

हे मी बाईंना सांगितलं. त्यांनी पुढच्या तारखेला कोर्टासमोर तोंडी विनंती केली की पुकारा झाल्यावर अर्जदाराला आधी जाऊ द्यावं आणि सामनेवाल्याला पंधरा मिनिटं थांबवावं. न्यायाधीशबाईंनी क्षणभरही घेतला नाही. “थांबा तुम्ही,” त्याला म्हणाल्या. कोर्टातल्या महिला शिपाई माझ्याबरोबर जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानकाच्या सरकत्या जिन्यापर्यंत आल्या. नंतर प्रत्येक तारखेला आल्या. हे कुठल्या कलमात नाही. मागितलं तेव्हा मिळालं. ज्यांना मागायचं सुचत नाही त्या बायकांचं काय होत असेल, हा विचार प्रत्येक वेळी त्या जिन्यावर मनात येतो.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात अंतरिम संरक्षण आदेश झाला. हिंसाचार कायद्याचं कलम १८ वाचण्यासारखं आहे. त्यात बाईच्या कामाच्या ठिकाणी आणि मुलाच्या शाळेत जायला मनाई करता येते, आणि तोंडी, लेखी, टेलिफोनवरून, इलेक्ट्रॉनिक अशा कोणत्याही संपर्काला मनाई करता येते. बाईंनी ‘यूपीआय अथवा अन्य रक्कम हस्तांतरणाद्वारे पाठवलेले संदेश’ हे शब्द आदेशात घालून घेतले. ईराच्या खर्चाला दरमहा रक्कम ठरली. त्याआधी दोघांना उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागलं, २०२०च्या निकालापासून ते सक्तीचं आहे. माझ्या कामाचा भाग असल्यामुळे तेवढं एक मला सोपं गेलं.

त्याच आदेशात भेटीचंही ठरलं. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी, सकाळी ११ ते १, कमला नेहरू पार्कात, दादाच्या समक्ष. मला हे आधी अजिबात नको होतं. मी बाईंशी भांडले. त्या म्हणाल्या, “तो सगळीकडे एकच सांगतोय की मुलीला बघायला जातो. त्याला मुलगी बघायची जागा आणि वेळ लावून दिली की उरलेल्या वेळी तो तिथे कशाला उभा असतो, ते त्याला सांगावं लागेल.” पहिल्या चारपैकी दोन शनिवारी तो आला. उरलेल्या दोन शनिवारी ईरा आणि दादा झोपाळ्यापाशी एक वाजेपर्यंत बसून परत आले. आणि त्यातल्याच एका आठवड्यात सोमवारी संध्याकाळी तो ऑफिससमोर होता. खतावणीतली ती ओळ मी लाल शाईनं लिहिली आहे, पूर्ण वहीत तेवढी एकच.

आदेश मोडला तर त्याच कायद्याचं कलम ३१. एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, दखलपात्र आणि अजामीनपात्र. आदेशाची प्रत कायद्यानं ठाण्याला जायला हवी आणि ती कोर्टातून निघालीही होती. ठाण्यात मात्र ती कुणाच्या टेबलावर आहे ते कुणालाच सांगता येईना. मग माझ्याकडची प्रत मी नेली. मॅजिस्ट्रेटपुढचा अर्ज एकीकडे, पोलिसांचा गुन्हा दुसरीकडे, बँकेचं पत्र तिसरीकडे, आणि या तिन्ही ठिकाणचे कागद इकडून तिकडे नेणारी व्यक्ती एकच, ती म्हणजे मी. माझ्या पिशवीत एका वेळी आदेशाच्या पाच प्रती असायच्या. मेट्रोच्या तपासणीत एकदा पिशवी पालथी झाली तर नुसते शिक्के दिसत होते.

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात, पावसात, तो ऑफिसच्या इमारतीत शिरला आणि लिफ्टपाशी त्यानं माझा दंड धरला. त्या संध्याकाळी एफआयआर झाला. या कलमांखालची फिर्याद महिला पोलीस अधिकाऱ्यानं नोंदवायची असते, म्हणून पीएसआय मॅडमना बोलावलं. त्यांच्या टेबलावरच्या काचेखाली जुन्या-नव्या कलमांचा तक्ता होता. त्या बोट ठेवून बघत होत्या, ३५४-ड खाली ७८. मग त्यांनी विचारलं, “यातलं जुलैच्या आधीचं किती, नंतरचं किती?” मी वही उघडली. १ जुलैच्या आधीच्या घटना जुन्या कायद्याखाली, नंतरच्या नव्या. दोन्हींच्या मध्ये त्यांनी माझ्या वहीत पेन्सिलनं बारीक रेघ मारली आणि लगेच म्हणाल्या, “सॉरी हं, विचारायला हवं होतं.” ती रेघ मी पुसली नाही.

मला वाटलं होतं अटक होईल. झाली नाही. सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, नोटीस देऊन चौकशीला बोलवायचं, असं सुप्रीम कोर्टाचं २०१४पासूनचं सांगणं आहे आणि नव्या नागरिक सुरक्षा संहितेत त्याचं कलम ३५ आहे. त्याला नोटीस गेली, तो वकिलाबरोबर आला, जबाब देऊन गेला. त्या रात्री मी आईच्या घराची कडी तीनदा तपासली. त्या नियमामागचं कारण मला समजतं. पण ती नोटीस दिल्यानंतरचे चार-आठ दिवस बाईसाठी सगळ्यात वाईट असतात, आणि त्या दिवसांत तिच्याकडे बघायचं काम कुणाचंच नसतं. पीएसआय मॅडमनी आपणहून रोज संध्याकाळी फोन केला, म्हणून निभावलं.

तपासातला बराच वेळ इलेक्ट्रॉनिक पुराव्यात गेला. स्क्रीनशॉट छापून दिला की झालं असं नसतं. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३चं प्रमाणपत्र लागतं, त्याचे दोन भाग, एक आपण भरायचा आणि दुसरा तज्ज्ञानं, हॅश व्हॅल्यूसकट, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणाऱ्या आकड्यासकट. फोन बदलायचा नाही, संदेश पुसायचे नाहीत. माझ्या स्टेटमेंटमध्ये शेरे अर्धे कापले गेले होते, ‘आज निळा ड्’ इथवर. पूर्ण वाक्य फक्त अ‍ॅपमध्ये. त्यामुळे दोन्ही द्यावे लागले, बँकेची प्रमाणित नोंद आणि फोन. मेट्रोचं सीसीटीव्ही चित्रण मागायला आम्ही उशीर केला आणि ते हुकलं. ते पत्र त्याच दिवशी द्यायला हवं होतं. महिला मॅजिस्ट्रेटसमोर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३चा जबाब झाला, तिथे पोलीस नसतात, एवढ्या सगळ्यात तिथे मला पहिल्यांदा मोकळं बोलता आलं.

ऑक्टोबरमध्ये त्यानं पुन्हा तेच केलं, शाळेपाशी. या वेळी मात्र अटक झाली, एक रात्र कोठडी, दुसऱ्या दिवशी जामीन, अट अशी की घर, ऑफिस आणि शाळेच्या परिसरात फिरकायचं नाही. तेव्हापासून तो दिसलेला नाही. रुपयाही आलेला नाही. कशामुळे थांबला ते मला सांगता येत नाही.

डिसेंबर २०२४मध्ये दोषारोपपत्र दाखल झालं आणि माझी साक्ष सप्टेंबर २०२५मध्ये. उलटतपासणी दोन तारखांना चालली. त्याचे वकील उंच आणि सौम्य बोलणारे होते.

“११ मार्चला आलेला एक रुपया तुम्ही परत पाठवलात, बरोबर?”

“हो.”

“म्हणजे तुम्हीही त्यांच्याशी व्यवहार केलात.”

“मला त्याचा पैसा नको होता.”

“२ एप्रिलला संपर्क करू नका म्हणालात. १४ मे रोजी तुम्ही स्वतःहून त्यांना मेसेज केला आहे. खरं की खोटं?”

“खरं. शाळेच्या फीची शेवटची तारीख होती. त्यानं भरली का, विचारलं होतं.”

“या वहीतलं काही अक्षर तुमचं नाही.”

“माझ्या भावाचं आहे. रात्रीच्या नोंदी तो करायचा.”

“का?”

मी थांबले. न्यायाधीशांनी लघुलेखकाकडे बघून हात वर केला, म्हणजे थांबा. मग मी म्हटलं, “मी ते रात्री वाचलं की मला झोप लागायची नाही, म्हणून.” वकील दोन सेकंद गप्प राहिले आणि पुढच्या प्रश्नावर गेले. नंतर दादाचीही साक्ष झाली. त्यानं वहीतलं आपलं अक्षर ओळखलं आणि खाली बसला तेव्हा त्याचे डोळे भरले होते. पार्कात झोपाळ्यापाशी वाट बघत बसायचा तोच दादा.

एवढं झाल्यावर त्या मुलीला जिन्यात सांगायला हवं होतं ते आता सुचतं आहे. विधी सेवेच्या कार्यालयात जा. एनसीवर विसंबू नकोस. नको म्हणून एकदा लेखी सांग. परत निघताना सोबत माग, आणि ती तारखेच्या आधी माग. सोमवारी ती भेटेल तेव्हा मी तिच्याबरोबर अप्पा बळवंत चौकात जाणार आहे, रकाने मीच आखून देईन.

मूळ वही कोर्टात जमा आहे, निशाणी क्रमांक टाकून. मी तिची नक्कल काढून घेतली, प्रत्येक पानावर शिक्का आहे आणि पेन्सिलची ती रेघही नकलेत आली आहे. हिंसाचाराच्या अर्जाचा अंतिम निकाल अजून व्हायचा आहे. फौजदारी खटल्यात तपास अधिकाऱ्यांची साक्ष राहिली आहे, त्यांची मधल्या काळात बदली झाली, समन्स नव्या ठिकाणी गेलं आहे. पुढच्या तारखेसाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आहे. त्या महिला शिपाईंना फोन करून सांगायचं आहे, मी येते आहे म्हणून.